माईच्या नावाचं कुलूप

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिक्षिकेची पाळी त्या म्हाताऱ्यानंतर होती. बाकावर बसून ऐकण्यावाचून तिला इलाज नव्हता. दुकानदारानं म्हाताऱ्याचा लॅपटॉप उघडला.

“काका, फोन लावायचा प्रोग्राम उघडेना, एवढंच ना?”

“एवढंच काय म्हणता! मुलगी त्याच्यावरच भेटते. विंडोज काढून हे लिनक्स तिनंच घालून दिलं आणि बसली विमानात.”

“हा म्हणतोय, प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधीच उघडा आहे. ‘माई’ नावाच्या. तो बंद करा आधी.”

“दुसरा कुठून आणू? माई हाच.”

“याचं नाव तर ‘घर’ दिसतंय.”

“ते मी काल बदललं. माई म्हणजे आमची ही. गेली. रोज बटण दाबलं की पडद्यावर तिचं नाव! मेलेल्या माणसाची हजेरी किती दिवस घ्यायची?”

“मग बरोबर. हा प्रोग्राम उघडताना कॉम्प्युटरच्या नावाचं कुलूप लावून ठेवतो. नाव बदललं हे त्याला कुठं ठाऊक! माईंच्या नावाचं कुलूप तसंच राहिलंय. एक फाइल उडवली की उघडेल.”

“उडवा.”

“माईंचं बाकी सगळं राहील हो.”

“मी विचारलं का?”

“बरं बाबा. हा बघा, झाला चालू. लावा मुलीला.”

“तिची आता कामाची वेळ. रविवारीच उचलते. तुमचा नंबर सांगा.”

काउंटरच्या पलीकडे दुकानदाराच्या खिशात फोन वाजला.

“हॅलो. येतोय आवाज काका, अगदी स्वच्छ. ठेवा आता, मागे बाई खोळंबल्यात.”

“ठेवतो हो, ठेवतो. जेवलात का?”