मगावरची बाई

इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथजवळच्या एका संग्रहालयाच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याच्या हातात भेट द्यायचा चिनी मातीचा मग होता. त्यावर जुना फोटो होता, भट्टीपुढे वाकून लोखंडी साखळी घडवणाऱ्या बाईचा.

“ऑलिव्ह, ही माझी आई आहे.”

“क्लेम, अरे, हिचा चेहरा तरी दिसतोय का?”

“चेहरा मलाही कुठे आठवतोय? ती गेली तेव्हा चार वर्षांचा होतो मी. हात आठवतो. मनगटावर भाजल्याचा डाग होता. हा बघ.”

“छपाईचा डाग असेल तो.”

“मग बाकीच्या मगांवर बघ.”

“बघितलं. सगळ्यांवर आहे.”

“म्हणजे फोटोतलाच आहे.”

“किंवा छपाईच सगळी तशी झालीय.”

“असंही असेल का?”

“मला काय विचारतोस? भट्टीवरच्या सगळ्याच बायकांना भाजायचं. माझ्या आजीलासुद्धा.”

“मग ही तुझी आजी आहे?”

“आता मलाही घोळात घेऊ नकोस.”

“ठेवू का परत?”

तिने मग हातात घेतला. फोटोतलं ते मनगट चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ बघितलं.

“दोन घे,” ती म्हणाली. “तुझ्या हातून फुटतात.”