जावेपेक्षा जवळची खोली

...आणि वर मलाच म्हणते, "वहिनी, तुम्हाला नाही कळायचं, खिडकीतून मनोरा दिसला ना, की चहासुद्धा वेगळा लागतो!" आता तुम्हीच सांगा, चहा काय डोळ्यांनी पितात? चहाला साखर लागते, मनोरा कशाला लागतो? पण नाही! धाकटी जाऊ माझी, राहते आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. दोन रात्री नवऱ्याबरोबर शहर बघायला काय गेली, तिथून परत आलीच नाही हो! अंग तेवढं आलं. भांडी घासताना मनोरा, कपडे वाळत घालताना मनोरा, कचऱ्याच्या गाडीमागे बादली घेऊन पळतानासुद्धा, "वहिनी, आमच्या खोलीतून ना..." अगं गाडी चालली, आधी कचरा टाक!

मला काय, मला कोणाचा हेवा नाही. जिला जे बघायचं ते बघू दे.

पण तो फोटो... खिडकीत उभी राहिलेली ही, हातात कप, हनुवटी अशी वर, आणि मागे तो घड्याळाचा मनोरा, जसा काही हिच्या बापानेच बांधून दिलाय. बरं, काढलास फोटो, ठेव तुझ्या कपाटात. तर तो नेऊन दिला सासूबाईंना! आणि सासूबाईंनी लावला कुठे? फ्रीजच्या दारावर. आणि फ्रीजच्या दारावर आधी कोण होतं? मी! हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते मी, इतकी वर्षं केली म्हणून मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने गुच्छ दिला, तो फोटो होता तिथे. तिचा लावला माझ्यावर! आता माझं एक कोपर दिसतं आणि अर्धा गुच्छ. मी म्हटलं, "अहो सासूबाई, मी कुठे गेले यात?" तर म्हणतात, "अगं थोरले, तू रोजच दिसतेस की. मनोरा कुठे रोज दिसतो?"

ऐकलंत? रोज दिसते म्हणून झाकली!

त्याच संध्याकाळी ह्यांना सांगितलं, बॅग काढा. फ्रीजवरची माझी जागा मला परत पाहिजे.

आमचे हे नळकाम करतात. ह्यांच्या लेखी शहर म्हणजे जमिनीखालचे पाईप, वरचं सगळं उगीच. म्हणाले, "स्टेशनसमोर खोली घेऊ. उतरलं की झोपलं, उठलं की गाडी." मी म्हटलं, मग गाडीतच झोपू ना, खाली तरी कशाला उतरायचं! तेवढ्यात शेजारची शिवणकामवाली आली, तोंडात टाचण्या तशाच, "गावाबाहेर घ्या हो, गावाबाहेर! स्वस्त, ऐसपैस, आणि सकाळचा नाश्ता फुकट!" अगं बाई, आमचं घरही त्या मनोऱ्यापासून लांबच आहे, आणि इथे नाश्ता मीच करते, फुकट! मग जायचं कशाला?

मग मुलीला बसवलं फोन घेऊन. पोरगी शहाणी, पण सगळं रीतसर विचारत बसते. "आई, स्वस्तातलंच ना? बरं, लिफ्ट हवी?" "मनोरा." "गरम पाणी?" "मनोरा." "राहून गेलेल्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचू का? हे बघ, 'खोली लहान, पण माणसं प्रेमळ.'" म्हटलं, माणसं घरी पुष्कळ आहेत, पुढे चल. काकूचं हॉटेल मनोऱ्यापासून किती लांब होतं, ते सांग आधी. तर म्हणे चालत दहा मिनिटं. मग मला पाचवरचं दे! "अगं आई, हे सातवरचं बघ, बाल्कनी आहे, झाडं आहेत..." पाच म्हटलं ना! मी चौथी शिकलेली असेन, पण जवळ कुठलं आणि लांब कुठलं एवढं कळतं मला. शेवटी सापडलं. पाचही नाही, मनोऱ्याला अगदी चिकटून! आणि स्वस्त! पोरगी म्हणते, "आई, पण सगळ्या फोटोंत पडदा ओढलेलाच आहे गं." मी म्हटलं, ऊन येत असेल. दाब बटण.

निघताना जावेला जिन्यात गाठून मुद्दाम सांगितलं, "तुम्ही लांब राहिलात बाई, आम्ही आपले जवळ घेतलंय." तिचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! कपडे वाळत घालायला विसरली. तरी मला काय, मला कोणाचा हेवा नाही.

पोहोचलो. हॉटेलच्या पायरीवर उभी राहून मान वर केली, आणखी वर केली, मानेत कळ आली, पण मनोऱ्याचं टोक काही दिसेना. म्हटलं खोलीतून दिसेल. खोलीत गेलो. चपलाही काढल्या नाहीत मी. ह्यांना म्हटलं, फोन धरा नीट, मी पडदा ओढते, तुम्ही दाबा. केस सारखे केले, हनुवटी वर केली, जावेपेक्षा चार बोटं वरच, आणि ओढला पडदा...

भिंत!

दगडी, काळी, ओली भिंत! हात बाहेर काढला तर हाताला लागली! मनोऱ्याचीच हो! मनोरा इतका जवळ, इतका जवळ, की मनोरा दिसेचना! आणि भिंतीवरून खाली आलेला एक जाडजूड पाईप. तर आमचे हे... फोन टाकला पलंगावर, चष्मा लावला, खिडकीतून अर्धे बाहेर, आणि म्हणतात, "अगं! ओतीव लोखंड! असा माल आता शोधून मिळत नाही!" तुम्हाला सांगते, लग्नात या माणसाने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. दोन दिवस येता-जाता थांबून बघायचे. मला काय, मला कोणाचा हेवा नाही, पाईपचा तर नाहीच नाही!

पण खरं सांगू? लॉन्ड्रीत मी उभी असते तिथे एकच खिडकी आहे. तिच्यातून भिंत दिसते. घरच्या खिडकीतून जावेचा जिना दिसतो. आणि सुट्टी मागून, बॅग भरून, एवढ्या लांब येऊन... परत भिंतच? पलंगावर बसले तर चादरीची घडीसुद्धा वाकडी! उठले, चादर नीट केली, आणि खाली जाऊन काउंटरवरच्याला धरला. म्हटलं, काय हो, मनोरा कुठे आहे? तो जांभई देत म्हणतो, "ताई, ऐकू येतोय की." तर येत होता! घंटा वाजली की टेबलावरचा ग्लास आपला आपण चालायला लागायचा! "सबंध बघायचा असेल तर चौकापलीकडे जा, निळ्या दाराचं हॉटेल आहे. तिथून झकास दिसतो."

निळं दार! जावेच्या हॉटेलला निळं दार होतं, शंभरदा सांगून झालं होतं तिचं!

नाही गेले. म्हटलं, जीव गेला तरी त्या दारात पाय ठेवणार नाही. संग्रहालय बघितलं, पूल बघितला, नदीतली बदकं बघितली, पण लक्ष लागेल तर शपथ. सगळीकडे तेच फ्रीजचं दार दिसत होतं आणि त्यावर माझं कोपर. निघायच्या दिवशी सकाळी ह्यांना म्हटलं, चला, नुसतं रस्त्यावर उभं राहून फोटो काढू. तर मनोऱ्यासमोर ही भली मोठी बस! ड्रायव्हर उतरून कुठेतरी गेलेला. मग काय करता? शिरले त्या निळ्या दारातून आत.

मालकीण बाई हसरी होती. म्हटलं, मनोऱ्याकडची खोली बघायची आहे, पुढच्या वेळेसाठी. तर म्हणते, "मनोऱ्याकडे खोलीच नाही हो आमची! सगळ्या मागच्या बाजूला, वाहनतळावर. मनोरा दिसतो तो जिन्यातल्या खिडकीतून. मागे एक बाई आल्या होत्या, चहाचा कप घेऊन जिन्यातच उभ्या! येणारे-जाणारे अंग चोरून जायचे. मी म्हटलं, खोलीत बसा निवांत. तर म्हणाल्या, खोलीत बसून जावेला काय दाखवू?"

अहाहा! काय सांगू तुम्हाला! अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं! जिन्यात! जिन्यात उभी राहून चहा प्यायली, आणि मला सांगते खोली! म्हटलं, आता घरी जाते आणि सगळ्यांसमोर, सासूबाईंच्या देखत... आणि तिथेच पाय थबकले. सगळ्यांसमोर सांगितलं की पुढचा प्रश्न काय येणार? "आणि तुझ्या खिडकीतून काय दिसत होतं गं?" पाईप!

गुपचूप जिना चढले. उभी राहिले खिडकीत. कठड्यावर एक कुंडी होती, कड फुटलेली, जावेच्या फोटोतलीच, सिमेंटने पक्की केलेली, हलेचना. ह्यांना बजावून सांगितलं, कुंडी येऊ देऊ नका. ह्यांनी काढला फोटो. कुंडी मधोमध, मनोरा मागे, मी कडेला, आणि कोपऱ्यात ह्यांचा अंगठा.

तोच लावला सासूबाईंनी. जावेच्या शेजारी. माझं जे काय कोपर उरलं होतं ते माझ्याच फोटोने झाकलं! जाऊ खाली आली बघायला. बघितलं. कुंडी बघितली. मग मला बघितलं. मी तिला बघितलं. आणि सासूबाई नाकावर चष्मा चढवून, "अगंबाई, दोघींच्या खिडक्या अगदी सारख्या गं! कुंडीसुद्धा तश्शीच!"

मग जाऊ हळूच म्हणते, "शहरात सगळीकडे तशाच असतात कुंड्या. हो ना वहिनी?"

"हो तर. फुटक्याच विकतात."

"खोली छान होती ना?"

"ऐसपैस. तुझी?"

"हवेशीर होती."

असणारच! जिना हवेशीरच असतो!

तेव्हापासून दोघी गप्प. वाटलं, चला, मिटलं एकदाचं. तर काल कपडे वाळत घालताना वरून आवाज, "वहिनी, पुढच्या महिन्यात समुद्रावर चाललोय आम्ही! खोलीतून पाणी दिसतं म्हणे!"

मला काय, मला कोणाचा हेवा नाही. पोरीला तेवढं फोन घेऊन बसवलंय, म्हटलं बघ, पाण्यातच उभं असलेलं एखादं स्वस्तातलं सापडतंय का. ह्यांनी तर बॅग काढूनसुद्धा ठेवली... पाण्यात आहे म्हणजे पाईप चांगले असणार, म्हणतात.