एका डायपरच्या पलीकडचं न्यूझीलंड

...नाही, पण मी काय म्हणते, नाक्यावर फ्लेक्स लावायची काही गरज होती का? सांगा ना! लग्नाचा लावतात, हळदीचा लावतात, आमच्या सुकापुरात तर कुणाच्या बैलाने शर्यत जिंकली तरी बैलाचा गॉगल घातलेला फोटो लागतो, ते सगळं मान्य... पण सहलीचा फ्लेक्स? आणि तोही न झालेल्या सहलीचा? "कु. दुर्वा हरेश भोपी हिच्या न्यूझीलंड दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक : समस्त भोपी परिवार व मित्रमंडळ." दौरा! नऊ वर्षांची माझी मुलगी, ती काय तिकडे कसोटी खेळायला चाललीय? तिकीट नाही, व्हिसा नाही, गाडी बुक नाही... तुम्हाला सांगते, अजून काहीच ठरलेलं नव्हतं हो!

बरं, त्यावरचा फोटो. दुर्वा चालत नाही. सेरेब्रल पाल्सी आहे तिला, मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाहीत, म्हणून व्हीलचेअर. बोलतही नाही, डोळे वर केले की हो, घट्ट मिटले की नाही, एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार चाललाय, आणि खोटं कशाला बोलू, पुष्कळ नवराबायकोंपेक्षा बरा चाललाय. आणि फ्लेक्सवर? मागे बर्फाचे डोंगर, पुढे दुर्वा... उभी! चेहरा तिचा, मानेखाली कुणाची तरी जीन्स, कुणाचे तरी बूट, एक हात कमरेवर. मी धाकट्या दिरांना फोन लावला. म्हटलं, "दीपेशभावजी, हे पाय कुठून आणलेत?"

"नेटवरून घेतले वहिनी. टेन्शन नको, फ्री होते."

फ्री होते!

मी ओरडणारच होते. पण आधी रिक्षात बसल्या बसल्या ते पाय बघत राहिले थोडा वेळ... मग ओरडले. तर सासरे मध्ये पडले. दाजी म्हणतात त्यांना, घरातही आणि गावातही. दाजी म्हणतात कसे, "अगो, बॅनरवर बसलेला मानूस कदी बगितलास का तू? बॅनरवर सगले उभेच असतान!" मी म्हटलं, खुर्ची हवी. दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स लागला. खुर्चीसकट. फक्त खुर्चीला सोनेरी रंग, आणि दोन्ही हातांना सिंहाची तोंडं. दौरा राहिला बाजूला, थेट राज्याभिषेक!

तुम्ही म्हणाल, बाई गं, एवढं आहे तर जायचंच कशाला? सांगते. तान्हं मूल असलं की त्याला कुठेही आडवं करून बदलता येतं, सोफ्यावर, मांडीवर, गाडीच्या डिकीत. नऊ वर्षांच्या मुलीला कुठे आडवं करणार? हॉटेलच्या बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर? म्हणून आमचं जग एका डायपरएवढं. एका डायपरमध्ये खारघर होतं. तिथे बेलपाड्याच्या आत्याकडे जाऊन, अर्धा चहा टाकून परत येता येतं. लोणावळ्याला पोचता येतं, पण परत येता येत नाही. लोक नकाशा किलोमीटरमध्ये बघतात, मी डायपरमध्ये बघते!

आणि एक दिवस हरेशने, माझ्या नवऱ्याने, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. न्यूझीलंडमधली कॅम्परव्हॅन. मागे लिफ्ट, खुर्चीसकट मूल वर. आत बिछाना, पडदा, ओटा, संडास... म्हणजे जिथे थांबाल तिथे घर! मी तो व्हिडिओ पाहिला आणि तुम्हाला सांगते, रडायलाच लागले. संडास बघून रडणारी बाई पाहिलीय कधी? मग हरेशने दुर्वाला विचारलं, "जायचं का गं?" आणि दुर्वाचे डोळे वर. हरेश म्हणाला, "बघ! हो म्हणाली!" मी म्हटलं, अरे थांब, विमानात ती एवढा वेळ बसेल का, आकडी आली तर, खुर्ची सामानात टाकून मोडली तर, तिथे डॉक्टर कुठे असेल, मेंढरंच दिसतायत सगळीकडे! "रिलॅक्स, दिपिका," हरेश म्हणाला, "नुसती चौकशी करू." आणि उठून दाजींना सांगून आला. अहो, नुसती चौकशी! अजून काहीच ठरलेलं नव्हतं!

मग घरात जे सुरू झालं... सासूबाई, सत्यवती त्यांचं नाव, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी जवळा, म्हणजे ती सुकी बारीक कोळंबी, निवडायला घेतला. "पोरीला तकडं काय खायला घालशील? बरफ? जवला घे, सोडं घे, दोन पाट्या बोंबील घे." मी म्हटलं, आई, त्या विमानतळावर कुत्रा असतो, सामान हुंगतो. तर म्हणाल्या, "मंग त्याला पन घाल थोडा!" दाजींना वेगळीच काळजी. नवीन गाडी दारात आली की चाकाखाली नारळ फुटला पाहिजे. मी म्हटलं, दाजी, भाड्याची गाडी आहे हो ती. "भाड्याची झाली म्हनून काय झाला? आपली पोर बसनार हाय ना तिच्यान?" आणि दीपेशभावजी? त्यांनी परस्पर स्वतःला ड्रायव्हर नेमलं. "तिकडे पण डाव्या बाजूनेच चालवतात ना वहिनी? मग काय! आपला गव्हाणफाट्याचा रस्ता समजायचा नि गाडी सोडायची."

आणि मी? मी रोज देवापुढे दिवा लावून म्हणते, व्हिसा मिळू दे. आणि वळता वळता हळूच म्हणते, नाही मिळाला तरी चालेल. देवसुद्धा कपाळाला हात लावत असेल! म्हणजे बघा, घरात राहिलं तरी जीव गुदमरतो आणि दार उघडं दिसलं तरी गुदमरतो. अशा बाईचं करायचं काय?

मग त्या कॅम्परव्हॅनवाल्या बाईचा व्हिडिओ कॉल. गोड बाई, पण प्रत्येक वाक्याला "नो वरीज!" आता वरी हेच माझं पूर्णवेळ काम, हिने माझी नोकरीच घालवली! मी विचारलं, खुर्ची लॉक होते ना? "नो वरीज!" रात्री थंडी? "नो वरीज!" मग तिने विचारलं, किती जण झोपणार? मी छान, स्वच्छ इंग्रजीत म्हटलं, थ्री. फक्त थ्री. आम्ही तिघं. हा आकडा मी मनात किती दिवस जपून ठेवला होता, तुम्हाला काय सांगू! सासरची माणसं वाईट नाहीत हो, जीव टाकतात दुर्वावर... पण एकदा, फक्त एकदा, मला ती आणि हरेश आणि खिडकी, एवढंच हवं होतं. कुणी "झोपली का, जेवली का, हगली का" विचारणारं नको होतं... आणि तेवढ्यात माझ्या मागून दाजी गेले. बनियन, खांद्यावर टॉवेल. थांबले. कॅमेऱ्यात वाकून बघितलं. "बेड किती हायत, इचार तिला." बाई खूश. "ओह, ग्रँडपा! सो, फोर?" मी नो नो म्हणेपर्यंत सासूबाई जवळा पाखडायचं सूप घेऊन हजर. "फाइव्ह?" मागून भावजी हात हलवतायत. "सिक्स! वुई हॅव सिक्स बर्थ! नो वरीज!"

अजून काहीच ठरलेलं नव्हतं, आणि आम्ही सहा झालो!

मग भावजींच्या डोक्यात आलं, तालीम करायची. मित्राची टेम्पो ट्रॅव्हलर आणली, मागच्या सीट काढल्या, गादी टाकली, सासूबाईंच्या जुन्या साडीचा पडदा लावला, आणि रविवारी निघालो आपट्याला, पाताळगंगेच्या काठी. म्हणजे मला वाटलं, आम्ही निघालो. मागे बघते तर भावकीच्या तीन गाड्या! टोप, कोंबड्या, चटया, स्पीकर! सगळ्यांचं म्हणणं एकच : "वहिनीला एकटं वाटायला नको."

एकटं! मला!

आपट्याला पोचलो. झाडाखाली चूल पेटली. मी दुर्वाला गाडीत आडवं घेतलं, साडीचा पडदा ओढला आणि म्हटलं, हं, हेच ते, आता मी आणि माझी मुलगी... पडदा बाजूला. "झाला का?" मी म्हटलं, नाही. पडदा ओढला. पडदा बाजूला. "पानी देऊ?" नको. पडदा बाजूला. "पोरीला गरमत असंल, वारा घालू?" शेवटी एक चुलतसासूबाई पडदा हातात धरूनच उभ्या राहिल्या, "तुझा चालू दे गो, मी कुनाला येऊ देत नाय!" आणि मला श्वासच घेता येईना. म्हणजे खरंच. मी कसंबसं दुर्वाला आवरलं, खुर्चीत बसवलं, हरेशच्या मदतीने खाली उतरवलं आणि तिथेच, चुलीपुढे, सगळ्या भावकीसमोर बोलून गेले, "आम्ही तिघंच जाणार आहोत! फक्त तिघं! बाकी कोणीही येणार नाही!"

स्पीकर बंद झाला. हरेश कोंबडीचा रस्सा असा ढवळायला लागला, जणू खाली सोनं सापडणार आहे.

दाजी शांतपणे म्हणाले, "ठरला? कवा ठरला? तूच रोज बोलतेस ना, काय ठरला नाय म्हनून?"

"आता ठरलं."

"दुर्वाला इचारलास?"

"दुर्वाचं मला माहीत आहे."

"तुला म्हाईत हाय. पन तिला इचारलास?"

खरं सांगते. दुर्वाला सगळे विचारतात आणि उत्तर मी देते. भूक लागली का दुर्वा? हो, लागलीय तिला. मजा आली का? हो, खूप आली. डोळे वर जायच्या आधीच माझं तोंड उघडतं. आई झाले की दुभाषी झाले, मलाच कळत नाही.

दाजी गुडघे धरत तिच्यापुढे उकिडवे बसले. मला म्हणाले, "तू गप ऱ्हा." मग तिला, "बाय, तुज्या गाडीन आजीला घेशील?" डोळे वर. "काकाला?" वर. "आनि या म्हाताऱ्याला?" असे वर गेले डोळे, की बुबुळं दिसेनातच! भावकी टाळ्या वाजवायला लागली. मी हसायचा प्रयत्न करत होते. आणि दाजींच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, म्हणाले, "आनि मम्मीला?"

दुर्वाने डोळे मिटले.

घट्ट. नाक आक्रसून. नऊ वर्षं, अहो, नऊ वर्षं मी नवस बोलतेय की पोरीने एकदा मनातलं सांगावं... सांगितलं! आई नको! माझे पाय, तुम्हाला सांगते, नेटवरून आणल्यासारखे झाले.

आणि मग तिने एक डोळा उघडला. एकच. मी रडतेय का ते बघायला. आणि हसली! अंगभर, खुर्ची हलेपर्यंत हसली, आणि मग हळूच, मला पुरेसं ताटकळत ठेवून, दोन्ही डोळे वर केले. माझी थट्टा केली पोरीने! तिच्या आयुष्यातली पहिली थट्टा, तीही भावकीसमोर, तीही माझी! मी रडत होते की हसत होते कोण जाणे, सासूबाईंनी माझ्या हातात रश्श्याची वाटी दिली.

तिने ठरवलं. माझ्या तिघांच्या आकड्यावर तिने स्वतःच्या डोळ्यांनी काट मारली. दुसऱ्या कुणी मारली असती तर भांडले असते मी!

तर व्हिसा आलाय. सहाही जणांचा. बेडही वाटून झालेत : दाजींना खिडकीचा, सासूबाईंना ओट्याजवळचा, मला संडासाच्या दाराला लागून. काल त्या बाईने बुकिंग पक्कं केलं आणि म्हणाली, कॅम्परव्हॅनची गंमतच ही आहे की तुम्हाला घर मागे सोडून जावं लागत नाही.

म्हटलं, हो ना. सोडायलाच निघाले होते.