साडेतीन चौकोनांची टेकडी

अहो, पण असं कधी ऐकलंय का तुम्ही? दुखत नाही, खुपत नाही, धाप नाही, चक्कर नाही, आणि डॉक्टर म्हणतात, "झालेलं काही नाही, पण होऊ शकतं!" आता यावर बाईमाणसानं रडायचं की पेढे वाटायचे?

तुम्हाला सांगते, गेल्या वर्षी आमच्या सोनईत तपासणीचं शिबिर होतं. आमचे हे कांद्याच्या गोण्या उचलणारे गडी, तिथं गेले ते फुकट आहे म्हणून! हातापायांना चिमटे लावले, छातीला वाट्या चिकटवल्या, कागदाची पट्टी निघाली, नि डॉक्टरांनी तिच्यावर पेनाचं टोक ठेवलं. "ही पहिली बारकी टेकडी दिसते? हृदयाच्या वरच्या कप्प्यांची. तीन बारक्या चौकोनांत मावायला हवी, ह्यांची पसरलीय. पुढं कधी ठोके बेताल झाले, तर आत रक्ताची गुठळी, ती मेंदूत गेली की लकवा..." मी तर यांचा दंडच धरला! "घाबरू नका हो, झालेलं काही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका, आणि हा कागद जपून ठेवा. वर्षानं शेजारी नवा ठेवून बघू, टेकडी वाढली का."

जपून ठेवायचं म्हणजे कुठं ठेवतात हो? देवघरातच ना! लाल खणात गुंडाळला, मोहटादेवीच्या तसबिरीमागं, नंदादीपाच्या अगदी उबेला ठेवला, नि नवस बोलले, "आई, टेकडी तीन घरांत आण, अनवाणी गड चढीन. वर्षभर हा खण सोडणार नाही." आणि रोज सकाळी देवीपुढं रांगोळीचे ठिपके मांडून ती टेकडी काढायची. तीन ठिपक्यांत, बरोब्बर तीन! एक दिवस खाडा नाही. शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, "अगं, रोज काय घाट काढतीस?" आणि हे? "मला काय झालंय? लई ठणठणीत हाय मी!" आता यांना काय सांगू? झालेलं काही नाही, पण होऊ शकतं!

परवा वर्ष भरलं. शिबिरातले डॉक्टर कुठले कोण, निघून गेले. आता दवाखान्यात धनश्री मॅडम. त्यांनी नवी पट्टी काढली, चौकोन मोजले. साडेतीन. "काकू, जुनी द्या."

मी हात जोडले, खण सोडला... आणि आत कागद काळा! काजळासारखा कुळकुळीत! टेकडी नाही, चौकोन नाही, काही नाही.

"काकू, उष्णतेनं काळा पडतो हा कागद. दिव्याजवळ ठेवला होतात?"

दिव्याजवळ नाही तर काय, देवीला फ्रीजमध्ये ठेवू?

"मग वाढलीय की तेवढीच आहे, कसं सांगू? गेल्या वर्षी किती होती, आठवतं?"

मी डोळे मिटले. टेकडी लख्ख समोर आली, तीन ठिपक्यांत. अहो, ती तर मी काढलेली! खरी किती होती? सव्वातीन? चार? देवीशपथ आठवेना. वर्षभर देवीपुढं यांचा आजार एकदाही काढला नाही हो मी... काढवायचाच नाही. बरं झालेलंच काढत राहिले.

हे खुर्चीत पुढं सरकले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी माझं वाढलंय का न्हाई, कुनालाच म्हाईत न्हाई?"

"नाही काका. आजपासून मोजायचं. सहा महिन्यांनी या."

तुम्हाला सांगते, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण यांना घाबरलेलं मी त्या दिवशीच पाहिलं. मी पट्टी घ्यायला हात पुढं केला, तर मॅडमना म्हणतात कसे, "हिच्या हातात नका दिऊ, मॅडम. ही लगीच मला बरा करती!"

मॅडम हसल्या. पण पट्टी कपाटातच ठेवली बरं का. मग माझं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, एक झेरॉक्स काढली, माझ्या हातात दिली. "काकू, ही तुमच्या देवीसाठी."

आणि वर लाल पेनानं लिहिलं, 'तपासणीसाठी ग्राह्य नाही.'