नऊ वर्षांचे आजोबा

कानाच्या दवाखान्यात शिंपीकाका आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. शेजारच्या खुर्चीतले आजोबा मोबाइल हातात धरून बाजूला बसलेल्या आजींशी इतक्या मोठ्यानं बोलत होते, की चोरून ऐकायची गरजच उरली नव्हती.

"अगं, महिन्याचे पैसे भरतो, तरी ह्या मोबाइलवरच्या मालिकावाल्यांना माझी जन्मतारीख हवी! उद्या विचारतील, दात किती उरलेत."

"हळू बोला. मग काय सांगितलंत?"

"खरं सांगतो होय! ठोकून दिलं, वय वर्षं नऊ."

"आणि?"

"आणि काय! माझी मालिका गायब. नुसते ससे आणि खारी नाचताहेत. आज शेवटच्या भागात खुनी सापडणार होता गं!"

"मग आता खरं वय सांगा."

"सांगितलं. म्हणतात, लहान मुलांना वय बदलता येत नाही. घरातल्या मोठ्या माणसाची परवानगी आणा. तुझा नंबर दिलाय."

"हो, आलंय माझ्या फोनवर."

"मग दे की पटकन!"

"देते. आधी कानाचं मशीन लावून घ्याल?"

"मशीन? म्हाताऱ्यासारखं? अगं, ही अडवणूक झाली!"

"चार वर्षं भिंतीशी बोलतेय मी. खुनी हवाय की नको?"

"बरं बाई, लावतो. दाब आता."

"परवानगी किती दिवसांची, विचारतंय."

"कायमची दे!"

"एका दिवसाची दिली."

"आणि उद्या?"

"उद्या सकाळी मशीन कानात दिसलं, की उद्याची."