गरीब नाकाची देवी

आम्ही मूळचे कुठले साताऱ्याकडचे म्हणतात, मी काही ते पाहिलं नाही, वाडवडील दरबाराबरोबर आले आणि देवासलाच राहिले. आमचे बाबा शिक्के कोरायचे, कचेरीचे, दुकानांचे. माझं नाव नलिनी, लग्न केलं नाही, का ते विचारू नका, धारला एका लग्नपत्रिकेच्या दुकानात तीस वर्षं कंप्युटरवर चित्रं काढून राहिले आहे. गणपती, कलश, डोली, सगळं रेघांचं, एकदम सपाट. मालक भला माणूस पण अकलेने बेताचा, त्याने हौसेने ती वस्तू छापायची मशीन आणली, जी प्लास्टिकचे थर देऊन देऊन उभी चीज बनवते, आणि चालवता येईना म्हणून वर चादर टाकून ठेवली. अशी माणसं आहेत, काय सांगू तुम्हाला.

तर धरमपुरीकडे एक देवीचं देऊळ आहे, कोणतं ते लिहू नका. तिथला मुखवटा दरवर्षी नावेतून पलीकडे नेतात. दोन वर्षांमागे समितीचे अध्यक्ष मुखवटा हातात घेऊन नावेत उभे राहिले, कशाला, तर फोटो काढायला. नाव हलली आणि देवी गेली नर्मदेत. चार दिवस पाणबुड्यांनी शोधलं, सापडली नाही. अध्यक्ष काठावर बसून म्हणतात, मैयाची इच्छा. मैयाची इच्छा नव्हे हो, तुमच्या फोटोची इच्छा.

फोटो होते पुष्कळ, पण सगळे समोरून आणि गळ्यापासून नाकापर्यंत हार. साफ चेहरा होता तो फक्त मी उत्सवाच्या पत्रिकेसाठी समोर बसून काढलेल्या चित्रात. म्हणून समितीवाले आले माझ्याकडे. चित्र घेतलं आणि दिलं इंदूरच्या एका इंजिनियरला, कारण मी बाई आणि पत्रिकावाली. त्याने काय केलं, तर चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि सगळ्या रेघा एकाच उंचीने वर उचलल्या. बस. डोळे, ओठ, कपाळ, सगळं एका पातळीवर. शंकरपाळ्याचा साचा वाटावा. आणि समितीवाले खूश, म्हणे रेघ न रेघ जुळते. मी अध्यक्षांना म्हटलं, अहो भिया, देवीला नाकच नाही, नुसता नाकाचा नकाशा आहे. अध्यक्ष म्हणाले, ताई, तुम्ही चित्र काढा, हे टेक्निकल आहे.

मी घरी आले. मग दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मशीनवरची चादर काढली. तिच्यासाठी आकार बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर शाळेतल्या पोरांसाठी बनवलेलं आहे, त्यात कसलं आलंय टेक्निकल. रेघ कुठे उघडी राहिली तर आकार उभाच राहत नाही, एवढं कळायला मला आठवडा लागला, ती माझी अक्कल. नंतर समजलं की एक चित्र पुरत नाही, चेहऱ्याच्या चकत्या कराव्या लागतात, खालची मोठी, तिच्यावर लहान, तिच्यावर आणखी लहान, प्रत्येकीची उंची वेगळी, आणि छापून झाल्यावर पायऱ्या कानशीने घासायच्या. पहिला मुखवटा झाला तो बेडकासारखा. इंजिनियरला हसले होते, आता स्वतःला हसले.

उंची किती द्यायची ते चित्राला ठाऊक नसतं हो. मला पण नव्हतं. पण कुणाला ठाऊक असेल ते कुणी विचारलंच नव्हतं. पुजाऱ्याची आई, गोदूमावशी, तिने चाळीस वर्षं त्या मुखवट्याला रोज आंघोळ घातली होती. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून समितीने तिला हिशोबातच धरलं नाही. मी बसने गेले, मुखवटा तिच्या मांडीवर ठेवला. तिने दोन्ही हात फिरवले आणि बोलली, नाक नको गं एवढं चढवूस, आमची ती गरीब नाकाची. मी परत आले, नाक उतरवलं, परत गेले. मग गाल. मग हनुवटी. चौथ्या वेळी तिने नुसते हात फिरवले. लेकाला म्हणाली, तांब्या आण. मुखवटा उभा धरून वरून पाणी सोडलं आणि खालच्या ओठाच्या खाली अंगठा लावला. तिथे थेंबभर पाणी थांबलं होतं. ते तिने पुसलं, जसं रोज पुसत असेल तसं, आणि म्हणाली, आली.

मी तिथे रडले, आता लपवून काय करू.

पुजाऱ्याने हाच मुखवटा पुढे दिला, कसेऱ्याने त्यावरून पितळ ओतलं, वर चांदी चढवली. तरी प्राणप्रतिष्ठेला स्टेजवर शाल-श्रीफळ मिळालं इंजिनियरलाच, आधुनिक तंत्रज्ञान म्हणून भाषण झालं. गोदूमावशी मागे बायकांत बसली होती, तिच्या शेजारी मी. ती ऐकून राहिली होती आणि मला विचारते, हा कोण गं? मी म्हटलं, कोणी नाही.

आता लोकं येतात, मेलेल्या माणसाचे फोटो आणतात, ताई, दहा मिनिटांचं काम आहे ना, मशीनच करते ना. मी विचारते, या चेहऱ्यावरून हात कुणाचा फिरायचा, त्याला घेऊन या. अर्धे लोकं तिथूनच उठून जातात, जाऊ देत, बला टळली. काल पीपलरावां गावची एक बाई आली नवऱ्याचा फोटो घेऊन, तिला विचारायच्या आधीच तिने पदराला हात पुसून पुढे केले. आज परत आली आहे, आत बसली आहे, तिचा चहा निवून राहिला असेल. तुम्ही लिहा, देवी तुमचं भलं करो, फक्त मशीनने केलं असं नका लिहू.