सर्व जागा भरल्या आहेत

मार्केटिंगबाई: काका, दाराची साखळी तरी काढा. फटीतून काय बोलायचं?

काका: बोलायचंय ते फटीतून मावेल. डब्यांच्या स्वयंपाकघरात जागा भरल्या ना? मग इकडे कशाला आलीस?

मार्केटिंगबाई: अहो, ती पाटी तुमच्यासाठी नव्हती!

काका: दारावर लावली होतीस. मी दारातूनच येतो. ‘स्वयंसेवकांच्या सर्व जागा भरल्या आहेत.’ वाचली आणि आल्या पावली परत फिरलो.

काकू (आतून): आणि तेव्हापासून माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत!

मार्केटिंगबाई: काका, ती युक्ती होती. कपड्यांच्या दुकानात माझा सगळा जन्म यातच गेलाय. ढीगभर शर्ट पडलेले असतात, कुणी ढुंकून बघत नाही. ‘शेवटचे काही नग’ लिहिलं की झुंबड. म्हटलं, दर शनिवारी एकट्या म्हाताऱ्यांना डबे करून द्यायला माणसं मिळत नाहीत, तर इथेही करून बघू.

काका: मिळत नाहीत कशी? मी होतो की.

मार्केटिंगबाई: तुम्ही एकटेच होता हो.

काका: म्हणजे मला माणसांत धरलं नव्हतं.

मार्केटिंगबाई: तसं नाही!

काका: बरं, आली का झुंबड?

मार्केटिंगबाई: आली ना. वशिले लावून आली. बटाटे कमी, सोलणारे जास्त. सगळ्यांनी ॲप्रन घालून फोटो काढले.

काका: वा. मग नांदा सुखाने.

मार्केटिंगबाई: आज एकही आला नाही.

काकू: सरका हो, मला दिसू दे. काय गं, एकही नाही?

मार्केटिंगबाई: फोटो काढून झाले ना, काकू. सकाळपासून एकटी सोलतेय. दुपारी डबे गेले नाहीत तर ती माणसं उपाशी राहतील. चला ना, काका. तुम्हाला मुख्य स्वयंसेवक करते. छातीवर बिल्ला लावू.

काका: बिल्ला दुकानातल्या पुतळ्याला लाव.

मार्केटिंगबाई: वर एक कॉफीचा मग. तुमचा फोटो छापलेला.

काका: नको.

मार्केटिंगबाई: दोन मग!

काकू: अगं बाई, इथे आहेत ते कप ठेवायला जागा नाही. ती विक्री थांबव आणि सरळ बोल.

मार्केटिंगबाई: सरळ सांगू? काका, तुम्ही सोलता तेव्हा सालाबरोबर अर्धा बटाटा जातो.

काका: हे तुझं सरळ बोलणं?

मार्केटिंगबाई: आणि बडबड इतकी की डोकं उठतं. पण आज तुमचं स्टूल रिकामं होतं आणि माझा हातच चालेना. जिन्यात पाऊल वाजलं की सुरी टाकून बाहेर येत होते. मला तिथे तुमच्याशिवाय करमत नाही, काका. चुकलं माझं.

काका: मला वाटलं, आपलं काम संपलं आता. थांब, ही साखळी मेली मधेच अडकते. बटाटे किती राहिलेत?

मार्केटिंगबाई: पोतंभर.

काका: पोतंभर! मग इथे उभी काय राहिलीस? चल.

मार्केटिंगबाई: आधी बूट तरी घाला. अगंबाई, घातलेलेच आहेत की!

काकू: आज सकाळी उठल्या उठल्या घातलेत. गेल्या शनिवारी परत आले, तेव्हा तर थेट झोपायच्या वेळेला काढले होते.